मोंते कासिनो : बेनेडिक्टाइन मठ, त्याचा डोंगर आणि पायथ्याशी कोरलेली मराठी नावं

उंबरठा

नोकरीसाठी रोममध्ये राहायला येऊन मला चार वर्षं झाली. घरी पाहुणे येतच असतात. व्हॅटिकन आणि कलोसियम झालं की मी म्हणते, एक दिवस मोंते कासिनोला जाऊ. त्यावर हमखास प्रश्न येतो, "तिथे काय आहे?" परवा तिसऱ्यांदा जाऊन आले, तेव्हा ठरवलं की एकदा नीट लिहूनच काढावं.

रोमच्या टर्मिनी स्थानकावरून कासिनोकडे जाणारी साधी प्रादेशिक गाडी पकडायची. दीड-दोन तास लागतात. कासिनो गाव सपाटीवर आहे आणि मठ त्याच्या डोक्यावर, सुमारे ५२० मीटर उंचीच्या डोंगरमाथ्यावर. स्टेशनातून बाहेर पडून वर पाहिलं की पांढुरकी लांबलचक भिंत दिसते, पहिल्यांदा बघणाऱ्याला तो किल्लाच वाटतो. वर जाणारा रस्ता नऊ-एक किलोमीटरचा आहे, वळणावर वळण, आपल्या घाटासारखा. बसच्या फेऱ्या मोजक्या असतात. चढतानाच परतीची वेळ विचारून ठेवा.

इ.स. ५२९ च्या सुमाराला नुर्सिया गावचा ख्रिस्ती साधू बेनेडिक्ट इथे आला. माथ्यावर तेव्हा अपोलोचं देऊळ होतं. तिथे त्यानं प्रार्थनास्थळ उभारलं आणि पुढे युरोपभरच्या मठांनी आपलीशी केलेली ती नियमावली इथेच लिहिली. प्रकरणं फक्त ७३. देव आणि प्रार्थना त्यात आहेच, पण जेवताना कोणी वाचून दाखवायचं, शिजवलेले पदार्थ किती, द्राक्षारस किती, कोठीघर सांभाळणाऱ्यानं भांडी कशी वापरायची, हेही आहे. कोठीतली साधी हत्यारं-भांडीसुद्धा वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत, असं तो सांगतो. मला ते वाक्य फार आवडतं. माझी आजी तांब्याचा हंडा चिंचेनं घासून देवासमोर ठेवल्यासारखा फळीवर ठेवायची, तो हंडा आठवतो.

दारावर लॅटिनमध्ये एकच शब्द आहे, ‘पाक्स’, म्हणजे शांती. आत गेलं की पहिला चौक. मधोमध काशाची शिल्पं आहेत : मरणासन्न बेनेडिक्ट उभा आहे, हात वर उचललेले, आणि दोन शिष्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी सावरून धरलंय. तो उभ्यानं, प्रार्थना करत गेला अशी परंपरा आहे. हे शिल्प पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर आडेनाउअर यांनी दिलेली भेट. जर्मनीकडून ती येण्याला काय अर्थ आहे ते पुढे लिहिते.

दुसरा चौक वास्तुकार ब्रामान्तेच्या नावानं ओळखला जातो. तिन्ही बाजूंना ओवऱ्या, मधे अष्टकोनी विहीर आणि चौथ्या बाजूला एकदम मोकळी गच्ची. तिथून लिरी नदीचं अख्खं खोरं दिसतं. सकाळी खाली धुकं असेल तर खोरं दुधानं भरल्यासारखं दिसतं. समोरच्या रुंद पायऱ्यांच्या दोन बाजूंना बेनेडिक्ट आणि त्याची बहीण स्कोलास्टिका यांचे पुतळे आहेत.

या भावाबहिणीची गोष्ट पोप ग्रेगरींनी लिहून ठेवली आहे. वर्षातून एकदा दोघं मठाबाहेरच्या एका घरात भेटायची. शेवटच्या भेटीत ती म्हणाली, आज रात्रभर थांब, बोलत बसू. नियम मोडेल म्हणून तो नाही म्हणाला. तिनं हात जोडून डोकं टेकवलं आणि निरभ्र आकाशातून असा पाऊस कोसळला की त्याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येईना. तीन दिवसांनी ती गेली. नियम लिहिणाऱ्या भावापेक्षा त्या रात्री बहिणीचं प्रेम मोठं ठरलं, असा निवाडा खुद्द ग्रेगरींनी दिलाय. मला तिथे आपली मुक्ताई आठवल्याशिवाय राहत नाही. आता दोघं मुख्य वेदीखाली एकाच ठिकाणी आहेत.

चर्चचा मधला काशाचा दरवाजा मात्र घाईत ओलांडू नका. देसिदेरिउस या मठाधिपतीच्या काळात, १०६६ साली तो कॉन्स्टँटिनोपलला बनवून घेतला. त्याच्या पट्ट्यांवर चित्रं नाहीत, अक्षरं आहेत. मठाच्या मालकीची गावं, चर्च, जमिनी यांची यादी काशात खोदून चांदीनं भरलेली. मी अगदी नाक लावून पाहिलं : कुठे चांदी अजून चमकते, कुठे उडून नुसती चर उरली आहे, आणि ती चर बोटाला लागते. दारालाच ताम्रपट करून टाकलाय म्हणा ना.

आणि हे सगळं, म्हणजे जवळजवळ सगळं, विसाव्या शतकात पुन्हा बांधलेलं आहे. १५ फेब्रुवारी १९४४ ला, जर्मन सैन्य या डोंगरावर आघाडी लढवत असताना, दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी हा मठ जमीनदोस्त केला. त्याआधी सहाव्या शतकात लोंबार्ड टोळ्यांनी, ८८३ मध्ये सारासेनांनी (अरब हल्लेखोरांनी) आणि १३४९ मध्ये भूकंपानं तो पाडला होता. मठाचं बोधवाक्य आहे ‘सुच्चिसा विरेशित’ : छाटलं की पुन्हा हिरवं होतं. महायुद्धानंतर ‘जिथे होता तिथे, जसा होता तसा’ असं ठरवून तो उभा केला आणि २४ ऑक्टोबर १९६४ ला पोप पॉल सहावे यांनी त्याची पुनःप्रतिष्ठा केली.

तिथून खाली उतरल्यावर जे पाहिलं त्यासाठी खरं तर हा धागा आहे, पण आज इतकंच. काही विचारायचं असेल तर विचारा.

लिंबलोण

फार सुंदर लिहिलंयस. सप्टेंबरात सासूसासऱ्यांना घेऊन इटलीला येतोय. दोघं सत्तरीच्या पुढचे. पायऱ्या किती आहेत गं? आणि कपड्यांचं काही बंधन?

उंबरठा

@लिंबलोण, ब्रामान्ते चौकातून चर्चकडे जाणाऱ्या पायऱ्या रुंद आणि सोप्या आहेत, पण बऱ्याच आहेत. मधेमधे थांबत गेलं तर जमेल. नाहीच जमलं तरी खालच्या चौकातल्या गच्चीवर बसून खोरं बघण्यातही समाधान आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सासूबाई साडीत असतील तर प्रश्नच नाही. उन्हाळ्यात खाली तापतं आणि वर वारं असतं, तेव्हा शाल राहू द्या. वर खायला फार काही मिळेल या भरवशावर जाऊ नका. मी पोळीभाजी नेते आणि मठाच्या आवाराबाहेर बसून खाते.

तळघरातलं प्रार्थनास्थळ त्यांना जरूर दाखव. ते डोंगराच्या खडकात खोदलेलं आहे. १९१३ पर्यंत जर्मनीतल्या बॉयरॉन मठाच्या कलापरंपरेतल्या मठवासींनी त्याच्या भिंती आणि छत सोनेरी, निळ्या कुट्टिमचित्रांनी (मोझेकनं) मढवलं. वरचं सगळं कोसळलं तरी हे बरंचसं वाचलं. वरच्या चर्चमधला संगमरवर कितीही देखणा असला तरी नवा आहे हे डोळ्यांना कळतं. खाली उतरलं की आवाज आपोआप उतरतो.

शाईपेन

त्या दरवाज्याचं वर्णन वाचून राहवलं नाही. इटालियन भाषेच्या सगळ्यात जुन्या लेखी पुराव्यांपैकी एक याच मठाच्या जमिनीच्या वादातून आला आहे. इ.स. ९६० मध्ये कापुआच्या न्यायालयात साक्षीदारांनी शपथेवर सांगितलं की या सीमांमधल्या जमिनी तीस वर्षं संत बेनेडिक्टच्या मठाकडे होत्या. सगळा निवाडा लॅटिनमध्ये आहे, पण साक्षीदाराचं वाक्य लेखनिकानं तो बोलला तसं, बोलीभाषेत उतरवून घेतलं. त्याला इटालियनचा जन्मदाखला म्हणतात.

आता आपल्याकडे बघा. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक, शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा. तो दानाचा लेख, शेवटी दान मोडणाऱ्याला शाप. दोन्हीकडे लोकांची भाषा इतक्या लवकर लेखी उमटली ती जमीनजुमला आणि देवस्थान यांच्यापायी! विद्वान आपली लॅटिन आणि संस्कृत धरून बसले होते, पण बांधाचा प्रश्न आला तेव्हा साक्षीदाराची बोलीच लागली.

आणखी एक. अकराव्या शतकात उत्तर आफ्रिकेतून आलेला कॉन्स्टंटाइन नावाचा पंडित याच मठात राहिला आणि त्यानं अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आणले. युरोपातल्या वैद्यकशिक्षणाला त्यातून केवढा आधार मिळाला. पुढे ख्रिस्ती तत्त्वज्ञ म्हणून गाजलेला थॉमस अक्वायनस लहानपणी इथेच शिकायला होता.

बाँब पडण्याआधी ग्रंथसंग्रहाचं काय झालं, हे कोणाला नीट माहीत आहे का?

रणवाट

@शाईपेन, तो वाचला, आणि वाचवला तो जर्मन सैन्यातल्या दोन अधिकाऱ्यांनी. लेफ्टनंट कर्नल श्लेगेल हा ऑस्ट्रियन, आणि कॅप्टन बेकर हा डॉक्टर. १९४३ च्या शरदात आघाडी इकडे सरकणार हे दिसताच दोघांनी वयोवृद्ध मठाधिपती ग्रेगोरिओ दियामारे यांना गाठलं. मठातल्या लोकांना आधी विश्वास बसेना, आणि का बसावा? शेवटी पेट्या भरल्या गेल्या आणि लष्करी ट्रकांतून हस्तलिखितं, दप्तर, चित्रं रोमकडे गेली. नेपल्सच्या संग्रहालयांनी सुरक्षित म्हणून इथे आणून ठेवलेली काही चित्रं मात्र जर्मनीत पोहोचली, ती युद्धानंतर परत मिळाली.

दियामारे स्वतः हलले नाहीत. बाँबफेक झाली तेव्हा ते मूठभर मठवासींसह खालच्या तळघरात होते आणि वाचले. आसऱ्याला आलेले गावकरी मात्र मोठ्या संख्येनं मेले. दोन दिवसांनी ऐंशीला टेकलेले दियामारे हातात मोठा लाकडी क्रूस घेऊन, उरलेल्या लोकांसह ढिगाऱ्यातून डोंगर उतरले.

मुळामुठा

पण पाडलाच का? मठात जर्मन सैनिक नव्हते असं आता सगळेच म्हणतात. चौदाशे वर्षांची वास्तू संशयावरून पाडायची, याला काय म्हणायचं?

रणवाट

@मुळामुठा, उत्तर आपल्यालाच टोचणारं आहे. मठाखालच्या कड्यांवर हल्ला करण्याचं काम चौथ्या भारतीय डिव्हिजनवर आलं होतं. तिचे सेनापती जनरल टकर यांनीच मठावर बाँब टाकावेत अशी मागणी केली, आणि न्यूझीलंडचे जनरल फ्रायबर्ग यांनी ती वर नेली. टकरांना लष्करी खात्याकडून मठाच्या बांधकामाची माहिती मिळेना, तेव्हा नेपल्सच्या पुस्तकांच्या दुकानातून १८७९ सालचं एक जुनं पुस्तक मिळवून त्यांनी भिंतींची जाडी काढली. माझी माणसं त्या भिंतींखालून चढणार, आज आत कोणी नसेल तर उद्या असेल, हा त्यांचा मुद्दा. त्याच वेळी, कासिनो समोरून घ्यायच्या ऐवजी वळसा घालून मागे टाका, असंही ते सांगत होते. ते कोणी ऐकलं नाही.

१५ तारखेला दोनशेहून अधिक विमानं आली. आणि आपली पायदळं तेव्हा हल्ल्याला तयारच नव्हती! विमानं ठरल्यापेक्षा आधी आली आणि काही बाँब आपल्याच सैनिकांवर पडले. मुख्य हल्ला झाला १७ च्या रात्री. तोवर जर्मन छत्रीधारी सैनिक ढिगाऱ्यात येऊन बसले होते. पडक्या भिंती त्यांना उभ्या भिंतींपेक्षा जास्त उपयोगी पडल्या. राजपुताना रायफल्स आणि गुरखा पलटणी त्या उतारावर अक्षरशः कापल्या गेल्या. मार्चमध्ये नवव्या गुरखा रायफल्सची पहिली बटालियन मठाच्या अगदी खालच्या टेकडीवर वेढ्यात राहिली, दिवसचे दिवस, विमानातून टाकलेल्या पुड्यांवर. ढिगारा हाती लागला १८ मे ला, आणि तो पोलिश सैनिकांच्या.

टकर चुकले असं मला वाटतं, पण त्या कड्याखाली आपली माणसं असताना मी वेगळं काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

मुळामुठा

पटलं म्हणणार नाही, पण समजलं. एक मात्र बोलतो. मोंते कासिनोचा विषय निघाला की आपण सगळे लढाईवरच घसरतो. तिथे आजही लोक राहतात, पहाटे उठून स्तोत्रं म्हणतात. मी दहा वर्षांपूर्वी गेलो होतो. संध्याकाळच्या प्रार्थनेला चर्चमध्ये बसू दिलं. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके काळ्या झग्यातले मठवासी, त्यात एक खूप म्हातारे. समोरासमोरच्या बाकांवर अर्धे अर्धे बसतात. एक बाजू एक ओळ म्हणते, दुसरी बाजू पुढची. मधे एक श्वासाएवढी शांतता. ती सगळे इतकी नेमकी पाळत होते की मलाही नकळत श्वास त्या मापानं येऊ लागला. भजनात दोन दिंड्या आमनेसामने उभ्या राहतात तसं वाटलं, फक्त टाळ-मृदंग नाही. आठवड्यात दीडशेच्या दीडशे स्तोत्रं पूर्ण करा, असं बेनेडिक्टनं सांगून ठेवलंय.

पाहुणा येईल त्याचं ख्रिस्त समजून स्वागत करावं, असंही त्याच नियमावलीत आहे. मी हिंदू, भाषा येत नाही, तरी शेजारच्या गृहस्थांनी स्तोत्रांच्या पुस्तकाचं पान काढून माझ्या हातात दिलं. जाणार असाल त्यांनी वेळ काढून त्या प्रार्थनेला बसा.

पंचगंगाकाठ

पोलिश सैनिकांचा उल्लेख आला आणि मी कोल्हापूरकर गप्प कसा बसू? वळिवड्याची छावणी किती जणांना माहीत आहे? १९४३ ते १९४८ पाचेक हजार पोलिश निर्वासित आमच्या इथे, कोल्हापूरच्या वेशीवर राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. स्टालिननं सैबेरियाकडे पिटाळलेली, मग इराणमार्गे भारतात आलेली. आणि त्यांचे नवरे, बाप, भाऊ? त्यातले कितीतरी जनरल आन्डर्स यांच्या दुसऱ्या पोलिश कोअरमध्ये (सैन्यदलात) होते, म्हणजे बरोबर याच डोंगरावर!

माझी पणजी छावणीत भाजी विकायला जायची. ‘पोलंडच्या बाया’ म्हणायची ती त्यांना. कांदे, बटाटे, कोबी घ्यायच्या, मोडक्या मराठीत भाव करायच्या. एकदा सगळ्या छावणीत रडारड होती, कोणी भाजीच घेईना, तशीच पाटी परत आणली, असं ती सांगायची. ते केव्हाचं, हे तिला सांगता यायचं नाही. हा धागा वाचताना पहिल्यांदा मनात आलं, ते १९४४ च्या उन्हाळ्यातलं असेल का?

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. @उंबरठा, पोलिश दफनभूमी पाहिलीस का?

उंबरठा

@पंचगंगाकाठ, तुमच्या पणजीची ती परत आलेली पाटी डोक्यातून जात नाहीये.

हो, पाहिली. मठाच्या गच्चीवरूनच समोरच्या उतारावर दिसते. चालत जाता येतं. हजाराहून जास्त कबरी, पायऱ्यापायऱ्यांनी डोंगर चढत गेलेल्या, बहुतेक कॅथलिक, काही ऑर्थोडॉक्स क्रूस, काही ठिकाणी ज्यूंचा तारा. आन्डर्स १९७० मध्ये लंडनला वारले, पण त्यांच्या इच्छेनुसार ते याच सैनिकांमध्ये आहेत. शिलालेखाचा आशय असा : आत्मा देवाला, देह इटलीच्या मातीला, काळीज पोलंडला. यांना मायदेशी जाताच आलं नाही. ज्यांच्यासाठी लढले त्या पोलंडचा पूर्व भाग युद्धानंतर त्यांचा राहिला नाही, आणि छावणीतल्या बायकामुलांचीही जगभर पांगापांग झाली.

आता खालचं. कासिनो स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर राष्ट्रकुलाची युद्धदफनभूमी आहे. चार हजारांहून जास्त थडगी. मागे तोच डोंगर, वर तोच मठ. सपाट हिरवळीत पांढऱ्या दगडांच्या रांगा, आणि त्यात चालता चालता एका दगडावर देवनागरी अक्षरं दिसतात : ‘ॐ भगवते नमः’. इतक्या इंग्रजी कोरीव नावांमधून ती अक्षरं समोर आली तेव्हा मी तिथेच उभी राहिले.

मधोमध पाण्याचा लांब हौद आणि दोन्ही बाजूंना हिरव्या संगमरवराचे उंच फलक आहेत. इटलीच्या मोहिमेत ज्यांचा देह सापडला नाही, ज्यांचं थडगंच नाही, अशा चार हजारांवर सैनिकांची नावं त्यावर आहेत, पलटणीनुसार. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या फलकावर नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगन सुरू झाली आणि बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाले. हे एकटे धावले. हातबाँब, मग टॉमीगन, गोळ्या संपल्यावर तीच बंदूक उलटी धरून. ठाणं घेतलं, आणि लपलेल्या बंदूकधाऱ्यांच्या गोळ्यांनी तिथेच पडले. वय २२. देह मिळाला नाही. २०२३ मध्ये त्याच भागातल्या मोंतोने गावानं त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. माणगावातही त्यांचा पुतळा आहे.

कोरेगावपूर्व

मी इथे फक्त वाचायला येते, कधी लिहिलं नाही. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ मराठा पलटणीत होते. ‘इटलीत बेपत्ता’ एवढीच तार आली होती. पणजीनं मरेपर्यंत कुंकू पुसू दिलं नाही सुनेला. आमच्याकडे त्यांचा फोटोसुद्धा नाही, फक्त सैनिक क्रमांक लिहिलेला एक कागद आहे. त्यांचं नाव कुठे असेल का? कसं शोधायचं?

रणवाट

ताई, क्रमांक आहे म्हणजे मोठं काम झालं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव, पलटण, क्रमांक टाकून शोधता येतं. नावाची स्पेलिंगं वेगवेगळी करून बघा. पांडुरंगचं पंडू, खाशाबाचं खासबा असं काहीही असू शकतं. आडनाव कित्येकदा एवढंसं बदललेलं असतं. क्रमांक मात्र चुकत नाही. कासिनोला नसतील तर सांग्रो नदी किंवा फोर्लीला असतील, तिथे भारतीय सैनिकांची दहनस्मारकंही आहेत. अडलं तर मला निरोप पाठवा.

दूरदेशी

मधेच घुसतो, पण ज्यांच्याकडे आणखी एक दिवस आहे त्यांनी सुबियाको सोडू नये. मोंते कासिनोच्या आधी बेनेडिक्ट तीन वर्षं तिथल्या गुहेत एकटा राहिला. कड्याला चिकटून बांधलेला मठ, आत भिंतभर चित्रं. त्यात असिसीच्या संत फ्रान्सिसचं एक फार जुनं चित्र आहे, डोक्यामागे तेजोवलय नसलेलं. इटलीतला पहिला छापखानाही सुबियाकोच्याच मठात, १४६४-६५ च्या सुमाराला दोन जर्मन मुद्रकांनी घातला. अजिंठ्याला जसे कड्यासमोर उभे राहून आधी बघतच राहतो, तसं इथेही होतं.

कोरेगावपूर्व

@रणवाट दादांच्या मदतीनं सापडलं. कासिनोलाच. थडगं नाही, फलकावर आहेत. नावात एक अक्षर चुकलंय, क्रमांक तोच.

उंबरठा

@कोरेगावपूर्व, तुमचा निरोप मिळाला. काल रविवार होता, सकाळच्या गाडीनं गेले. नाव फलकाच्या तळाकडच्या ओळीत आहे, त्यामुळे वाचायला गवतात बसावं लागलं. दगड सावलीत होता, गार. अक्षरं खोल आणि स्वच्छ आहेत. फोटो काढला, एक नुसत्या नावाचा, एक संपूर्ण फलकाचा, आणि एक तिथून मागे वळून, म्हणजे त्यांच्या नावासमोर जे दिसतं त्याचा : हौद, गुलाबांची रांग, त्यापलीकडे डोंगर आणि मठ. तुम्हाला पाठवलेत.

कोरेगावपूर्व

आजोबा आता ९१ वर्षांचे आहेत. मोबाईलवर मोठा करून दाखवला. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, मी बोट ठेवून नाव वाचलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, तिथे फूल ठेवू देतात का.

उंबरठा

देतात. आजोबांना विचारा, कोणतं ठेवू. झेंडू इथे बाजारात मिळतो.